आईची न टाकलेली पत्रं: उघडावीत का?

सुरंगी

एक निर्णय घ्यायचा आहे आणि घरात एकमत होत नाही, म्हणून इथे विचारतेय. जरा सविस्तर लिहिते, कारण ही पत्रं कशी होती ते सांगितल्याशिवाय माझा प्रश्न कळायचा नाही.

आम्ही देवगड तालुक्यातले. बाबा गिरणीत, लालबागला गाववाल्यांच्या खोलीवर राहायचे. आई गावी. लग्न १९७१ चं. आमच्याकडे त्या पिढीत घरोघरी हेच होतं. नवरा मुंबईत, बायको सासू-सासरे, गुरं, शेती सांभाळत इथे. भेट गणपतीत आणि मे महिन्यात. एरवी मनीऑर्डर आणि पत्र.

आई गेल्या वैशाखात गेली. तिच्या पत्र्याच्या पेटीत बाबांची सगळी पत्रं मिळाली, वर्षवार सुतळीने बांधलेली.

लग्न झालं तेव्हा आईला वाचता येत नव्हतं. पत्र आलं की पोस्टमन ओसरीवर बसून वाचून दाखवायचा. ऐकायला आजी, आजोबा, शेजारची काकी, सगळी जमायची. बाबांना हे पक्कं माहीत होतं. म्हणून सुरुवातीची पत्रं आजोबांच्याच नावाने आहेत, ‘तीर्थरूप आप्पांचे सेवेशी शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष’. आत आईचं नाव नाही. ‘घरातील मंडळी खुशाल असतील’ एवढंच. नळे परतून झाले का, पाडी व्याली का, खंड दिला का. आणि दरवर्षी शिमग्याच्या सुमाराच्या पत्रात एक ओळ: ‘परसातली सुरंगी फुलली का ते कळवावे.’ आजोबा उत्तर लिहवून घ्यायचे, फुलली आहे. तो प्रश्न आपल्यासाठी असायचा, हे आईने मला मी मोठी झाल्यावर सांगितलं. ती सुरंगीचा वळेसर माळायची.

मी शाळेत जायला लागले तशी आई माझ्याच पाटीवर अक्षरं गिरवायला शिकली. त्यानंतर पत्रं तिच्या नावाने यायला लागली आणि एकदम लांब झाली. पहिल्यातच बाबांनी लिहिलंय, ‘तू स्वतः वाचतेस हे समजल्यापासून काय लिहू आणि काय नको असे झाले आहे.’ हे वाचून मी पेटी बंद केली. पुढे दोन दिवस हात लावला नाही.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. मनीऑर्डरी आटल्या. ‘या खेपेस नुसते पत्रच पाठवीत आहे, राग मानू नको.’ त्या पावसाळ्याआधी बाबा गावी आले आणि राहिले. त्या काळातलं एकही पत्र नाही, अर्थातच. मला हे फार लागलं. कागदावर उरलाय तो त्यांचा ताटातुटीचा संसार. चुलीपुढे बसून जे बोलले असतील त्याची चिठ्ठीसुद्धा नाही.

पुढे बाबा वॉचमनच्या नोकरीवर परत मुंबईला गेले आणि १९९४ मध्ये तिथेच गेले.

आता मूळ प्रश्न. पेटीच्या तळाशी पंधरा-वीस इनलँड आहेत, म्हणजे पोस्टाची घडी घालून बंद करायची पत्रं. आईच्या अक्षरात. वर बाबांचं नाव, लालबागच्या खोलीचा पत्ता. गोंद लावून बंद केलेली आणि कधीच न टाकलेली. त्यांवरचा छापील टपालदर बघता सगळी बाबा गेल्यानंतरची आहेत.

दादा म्हणतो, बाबांच्या नावाची आहेत, आपण उघडायची नाहीत, वर्षश्राद्धाला खाडीत सोडू. मावशी म्हणते, जाळा. मला वाचायची आहेत. तुम्ही काय केलं असतंत? आणि बाकीची पत्रं टिकवायची कशी? आताच कसर लागलेली दिसतेय.

खाडीपलीकडे

ताई, माझं मत तुमच्या दादाच्या बाजूने आहे आणि ते मनापासून सांगतो.

आमच्या आजीच्या वेळी कोणी गेल्याचं कार्ड आलं की त्यावर वर ‘श्री’ नसायचं. वाचलं की लगेच फाडायचं, घरात ठेवायचं नाही, मग आंघोळ. लहानपणी मला ते निर्दयी वाटायचं. आता समजतं की दुःखाची बातमी पुन्हा पुन्हा हातात येऊ नये म्हणून ती रीत होती. त्या माणसांनी काय ठेवायचं आणि काय नाही, हे विचार करून ठरवलं होतं.

तुमच्या आईने ती पत्रं घडी घालून गोंद लावून बंद केली. नुसती वहीत लिहिली असती तर गोष्ट वेगळी. बंद केलं म्हणजे हे माझ्यात आणि त्यांच्यात आहे, असं तिने सांगून ठेवलंय. लेकीलाही त्याच्या पलीकडे जाता येऊ नये असं मला वाटतं.

रेवस धक्का

खाडीपलीकडे, तुमचा मुद्दा पटतो, तरी आमच्या घरातलं एक कार्ड सांगतो.

आजोबांचा थोरला भाऊ मुंबईत होता. जुलै १९४७ मध्ये त्याने घरी कार्ड टाकलं, ‘उद्या रामदासने येतो, धक्क्यावर कोणी यायला नको, पाऊस फार आहे.’ १७ जुलैला रामदास बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला यायला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेवर माणसं गेली, आषाढी अमावस्येच्या तोंडावर. कार्ड घरी पोचलं ते त्यानंतर.

पणजीने ते फाडलं नाही. देव्हाऱ्यामागे ठेवलं, पुढे आजीकडे आलं, आता माझ्याकडे आहे. आमच्या घरात त्या माणसाचा फोटो नाही. त्या दीड ओळींवरूनच आम्हाला तो कळतो, आईने पावसात धक्क्यावर यायला नको म्हणून आधी कळवणारा. ते कार्ड फाडलं असतं तर आमच्यासाठी तो फक्त बुडालेल्यांपैकी एक राहिला असता.

वाऱ्यावरची पोर

आमच्याकडे कागद नाहीत, पण हाच प्रश्न मलाही पडलाय म्हणून लिहिते. मी मालवणची. पप्पा मासेमारी बोटीवर तांडेल होते. बोट किनाऱ्याजवळ आली आणि रेंज मिळाली की आईला व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट टाकायचे. ‘वारो सुटलो हा. सांजच्याक येतंय. बांगडो गावलो हा, भात टाक.’ मागे इंजिनाचा आवाज. बहुतेक सगळ्या अशाच, दहा-बारा सेकंदांच्या.

२०२१ च्या कोरोनाच्या लाटेत पप्पा गेले. आई रोज रात्री एक नोट ऐकते आणि झोपते. नंबर कोणी रिचार्ज केला नाही. एके दिवशी आईने मला हाक मारली, पप्पांच्या फोटोच्या जागी कोणाचं तरी बाळ दिसत होतं. नंबर दुसऱ्याला गेला होता. नोटा आईच्या फोनमध्ये होत्या म्हणून वाचल्या, पण त्या दिवशी ती जेवली नाही.

ज्यांचं माणूस नुकतंच गेलंय त्यांनी हे आज करा. सिम चालू ठेवा. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस कोणाला देत नाहीत, नंतर देऊ शकतात. व्हॉट्सॲपचं खातं साधारण १२० दिवस न वापरल्यास काढून टाकलं जातं. चॅटमध्ये ‘एक्स्पोर्ट चॅट’ आहे, तिथे मीडियासकट निवडा, म्हणजे आवाजाच्या फायली वेगळ्या मिळतात. त्या फोनबाहेर कुठेतरी ठेवा. गुगलचं खातं दोन वर्षं कोणी उघडलं नाही तर गुगल तेही पुसू शकतं, त्यात फोटो असतात.

सुरंगीताई, मी असते तर उघडली असती. पप्पांचा एखादा न ऐकलेला आवाज कुठे शिल्लक आहे असं कोणी सांगितलं तर मला राहवणार नाही.

दाभोळची नात

आमच्याकडे कॅसेटी. अब्बा कुवेतला होते. पत्र लिहायचा त्यांना कंटाळा, म्हणून टेपवर बोलून कॅसेट भरायचे आणि गावी येणाऱ्या कोणाच्या हाती पाठवायचे. अम्मी, दादी, आम्ही पोरं गोल करून ऐकायचो. एका बाजूला सगळ्यांसाठी, दुसरी बाजू अम्मी एकटी ऐकायची. तुमच्या बाबांच्या सुरंगीचं वाचून मला ती दुसरी बाजू आठवली.

२ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत घेतलं. कित्येक आठवडे काही बातमी नाही. मग अब्बा इतर हजारो जणांबरोबर अम्मानवरून विमानाने आले, अंगावरच्या कपड्यांनिशी. आले हेच मोठं. पण अम्मीने वर्षानुवर्षं पाठवलेली सगळी पत्रं तिकडेच राहिली. आज अब्बांचा आवाज माझ्या संगणकात आहे आणि अम्मीची एक ओळ नाही. ती आता बोलत नाही, आजारी आहे.

म्हणून विचारते, तुमच्या आईने बाबांना मुंबईला पाठवलेली पत्रं कुठे आहेत? त्या खोलीतून काही आलं का?

(कॅसेट कोणाकडे असतील तर: बुरशी दिसली तर लावून बघू नका, फीत आणि टेपचं हेड दोन्ही जातील. आधी जाणत्याकडून साफ करून घ्या.)

सुरंगी

दाभोळची नात, तुमच्या प्रश्नाने मी हलले. नाही, काही आलं नाही. बाबांचं सामान म्हणजे एक वळकटी आणि पिशवी. चाळ पुढे पाडली. आईची पत्रं कोणी जपलीच नसतील, आठजणांच्या खोलीत कुठे जपणार.

म्हणजे आईच्या हातचं असं आता एवढंच आहे, ती बंद इनलँड. बाबांच्या पत्रांतून मला ‘तुझे पत्र पोचले, वाचून बरे वाटले’ एवढंच कळतं. तिने काय लिहिलं होतं ते कुठेच नाही. हे माझ्या लक्षात आलंच नव्हतं.

बिटाची सायकल

मी रत्नागिरी जिल्ह्यात शाखा डाकघरात नोकरी केली, आता घरी असतो. सुरंगीताईंनी पोस्टमनचं लिहिलंय म्हणून त्या बाजूने दोन शब्द.

आमच्या वेळी कोकण मनीऑर्डरीवर जगायचं. गणपतीच्या आधी एवढ्या यायच्या की रोकड पुरायची नाही, वरून मागवावी लागायची. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक कापून द्यायचा तुकडा असे, त्यावर चार ओळी मजकूर लिहिता यायचा. बायामाणसं पैसे मोजायच्या आधी विचारायची, ‘खाली काय लिवलंय?’ अंगठा उठवून घ्यायचा, तुकडा वाचायचा, आणि तो तुकडा त्या कमरेच्या पिशवीत ठेवायच्या. पैसे सासऱ्याच्या हातात जायचे, तो तुकडा मात्र तिचा.

पत्र वाचायची एक पद्धत बसली होती. ओसरीवर मोठ्याने वाचून झालं की बाई पाण्याचा तांब्या आणण्याच्या निमित्ताने मागल्या दारी बोलवायची आणि म्हणायची, ती मधली ओळ परत वाचा. मला कधी विचारावं लागलं नाही की कुठली. सुरंगी फुलली का, तांबडी गाय दूध देते का, अमकीच्या मुलीचं बारसं झालं का. बाहेरच्यांना साधा प्रश्न. मी ती ओळ दोनदा, तीनदा वाचायचो आणि तिचा चेहरा बघायचो नाही, जमिनीकडे बघायचो.

तारेचं काम त्याहून कठीण. ‘फादर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली’ म्हणजे काय हे गावात सगळ्यांना समजायचं. सायकल नेहमीच्या वेळेशिवाय वाडीत शिरली की बाया अंगणातच खाली बसायच्या. १५ जुलै २०१३ ला तारसेवा बंद झाली तेव्हा पेपरात सगळे हळहळले, मला मात्र सुटल्यासारखं वाटलं.

आता तुमच्या प्रश्नाबद्दल. पत्र जोपर्यंत टपालपेटीत पडत नाही तोपर्यंत ते लिहिणाऱ्याचं. पडलं की ज्याच्या नावाने आहे त्याचं. तुमच्या आईने ते टाकलं नाही, म्हणजे ते तिचंच राहिलं, आणि तिचं जे आहे ते तुम्हा दोघा भावंडांचं. खाडीपलीकडे म्हणतात ते गोंदाचं मला पटत नाही. इनलँड घेतलं की ते बंद करायची हाताला सवयच असते. आईला वाटलं असतं तर चूल घरातच होती. तिने त्यांतलं एकही चुलीत घातलं नाही, बाबांच्या पत्रांच्याच पेटीत ठेवलं.

खाडीपलीकडे

चुलीचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता. तरीही मी म्हणेन, उघडायचीच तर दोघांनी मिळून, आणि दादाची तयारी झाल्यावर. एकट्याने नको.

जुने कागद

माझं काम जुनी हस्तलिखितं आणि कागदपत्रं सांभाळण्याचं आहे, म्हणून टिकवण्याबद्दल लिहितो.

कोकणात कागदाचा मुख्य शत्रू म्हणजे ओल. बुरशी, कसर, वाळवी सगळी तिच्यामागून येतात. जुनी माणसं पोथ्या माळ्यावर ठेवायची, तिथे चुलीची ऊब आणि धूर पोचायचा, त्यामुळे कीड कमी. आता गॅस आला आणि माळे दमट राहिले. पत्र्याची पेटी वाईट नाही, पण ती जमिनीवर किंवा बाहेरच्या चिऱ्याच्या भिंतीला लावून ठेवू नका, आतून घाम धरते. पावसात विनाकारण उघडू नका.

आधी सुतळी, रबर, टाचण्या काढा. गंजलेली टाचणी ओढू नका, मागून हळू सोडवा. फाटलं असेल तर सेलोटेप लावायचा नाही आणि लॅमिनेशन तर कधीच नाही, ते परत काढता येत नाही. बुरशी असेल तर पत्र सावलीत वाऱ्यावर सुकवा, मग नाकातोंडाला बांधून घराबाहेर मऊ ब्रशने झटका. उन्हात ठेवलंत तर शाई उडेल. जुनी धुवून जाणारी निळी शाई थेंबभर पाण्यानेही पसरते, म्हणून ओलं फडकं नको. वेखंड किंवा कडुलिंबाच्या पाल्याची पुरचुंडी पेटीत ठेवा, पण कागदाला चिकटून नको. डांबरगोळ्यांचंही तेच.

फोटो खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅशशिवाय, दोन्ही बाजूंचे काढा. पत्त्याची बाजू बहुतेक लोक सोडतात, आणि तारीख तिथेच सापडते. शिक्का पुसट असेल तर पिनकोड आहे का बघा, तो १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. देवगडच्या पुढे जिल्हा रत्नागिरी लिहिलाय की सिंधुदुर्ग तेही बघा, कारण सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला झाला. सवयीने लोक पुढेही जुनंच लिहीत राहिले, तेव्हा एवढ्यावरून नक्की तारीख ठरवू नका.

आणि फोटोंची एक प्रत कोकणाबाहेर ठेवा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दिवेआगर भागात घरांची छपरं गेली, कपाटं भिजली. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा १८६४ पासूनच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही पुस्तकं गेली, आणि २००५ च्या पुरातही गेली होती. ते वाचनालय आहे म्हणून त्याची बातमी झाली. त्याच पाण्यात घराघरांतल्या किती पेट्यांचा लगदा झाला असेल, त्याची मोजदाद कोणी केली नाही.

सुरंगी

सगळ्यांना एकत्र उत्तर देते.

दादाने हा सगळा धागा वाचला. रात्री फोन आला, बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, ‘बाबा गेले तेव्हा मी त्याच खोलीत होतो, पुढेही सहा-सात वर्षं तिथेच होतो. आईने ही टाकली असती तर ती माझ्याच हातात आली असती.’ बाबा असताना पोस्टमनकडून पत्र घेणारा तोच, कामावरून आल्यावर त्यांच्या हातात देणारा तोच. बाबांच्या नावाचं पत्र बाबा गेल्यावर पोराच्या हातात पडेल, म्हणून आईने टाकली नसतील, असं त्याला वाटतं. तो रडला. मी त्याला बाबांच्या वेळीही रडताना पाहिलं नव्हतं, तेव्हा सगळं त्यालाच निभावायचं होतं.

तर ठरलं ते असं. खाडीत सोडायची नाहीत. दादा गणपतीला येतोय. उघडणार तो, वाचणार तो, मी शेजारी बसणार. एखादं वाचून त्याला थांबावंसं वाटलं तर बाकीची तशीच राहतील, मी आग्रह करणार नाही. मावशीला हे पसंत नाही, पण तिने ‘तुम्ही भावंडं एकत्र बसताय ना’ एवढं विचारलं आणि गप्प राहिली.

वाऱ्यावरची पोर, इथे काय निघालं ते लिहीन का असं तू निरोपात विचारलंस. नाही लिहिणार. बाबांच्या पत्रांतलं मात्र काही वाचायचं असेल तर जरूर देईन, ती तशीही अर्ध्या वाडीने ऐकलेली आहेत. बिटाची सायकल काका, तुम्हाला पहिली.

जुने कागद, दोन गोष्टी विचारायच्या आहेत. इनलँड वाफेवर धरून उघडावीत का? आणि संपाच्या वर्षीच्या एका पत्राला शेवटच्या मनीऑर्डरचा तुकडा भाताच्या खळीने चिकटवलाय, आईनेच चिकटवला असणार. तो सोडवू का?

जुने कागद

वाफ अजिबात नको, शाई आतल्या आत पसरेल. गणपतीत हवा दमट असते, तेव्हा गोंद बऱ्याचदा आपणच सैल पडलेला असतो. पातळ, बोथट सुरी फटीत सरकवून अगदी हळू पुढे न्या. कुठे अडलं तर जोर करू नका, गोंदाची कड तशीच ठेवून घडीवर धारदार पात्याने कापा. इनलँडमध्ये जागा संपली की लोक आत दुमडायच्या पट्टीवरही लिहायचे, ती पट्टी फाटू देऊ नका. उघडल्यावर लगेच परत घडी घालू नका, दोन दिवस सपाट ठेवा.

खळीवर कसर येते, हे खरं. तरी तो तुकडा सोडवू नका. फोटो काढा, ते पत्र स्वतंत्र कागदी पाकिटात ठेवा आणि पावसाळा संपला की दर वर्षी एकदा उघडून बघा.